खालच्या अंगाची खूण

रस्ता किती जुना, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे राजाने बांधला, कुणी म्हणे मिठाच्या व्यापाऱ्यांनी. राजे गेले, व्यापारी गेले. रस्ता मात्र समुद्रापासून डोंगरापलीकडच्या शहरांपर्यंत अजून राबत होता. उंटांच्या जागी ट्रक आले, एवढंच. गावातल्या चढावर अजून जुनीच दगडी फरसबंदी होती, आणि ती सांभाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटाच्या घरात होतं.

दगड वरून झिजला की उपटायचा, उलटा करून पुन्हा बसवायचा, आणि आपली खूण खालच्या अंगाला कोरायची. आधीच्या माणसाची खूण मग वर येते आणि चाकांखाली पुसून जाते. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, कारण तो माणूस तोवर कधीच गेलेला असे. ट्रक आल्यापासून मात्र दगड लवकर झिजायला लागले होते.

पाथरवटाच्या मुलाने गिरणीसमोरचा दगड उपटला आणि झिजलेलं अंग वर ठेवूनच परत बसवला. वर आपली खूणही कोरली, दोन रेघा आणि एक टिंब.

"डोळे फुटले का तुझे?" बाप भर रस्त्यात ओरडला. "शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. उद्या उलटा कर तो."

मुलगा मान खाली घालून नुसता हसला. त्याच संध्याकाळी चढावर ब्रेक निकामी झालेला ट्रक मागे घसरला, आणि मुलगा त्याखाली सापडून गेला.

दगड तसाच राहिला. मुलाची आई रोज तिथे बसून खुणेतली माती बोटाने काढायची. ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवायचे, नंतर मुकाट्याने थांबायला लागले. टिंब पार गेलं, रेघा पुसट झाल्या.

"अहो, आता बोटालाही लागत नाही," ती एक दिवस म्हणाली. "काहीतरी करा."

"उलटा करतो. मग नाही झिजणार."

"पण मला दिसणारही नाही."

"दिसणार नाही. पण असेल."

तिने पुसट रेघांवरून एकदा बोट फिरवलं. मग तिनेच पहार आणून त्याच्या हातात दिली.

पाथरवटाने दगड उचलला. खालच्या अंगाची माती पुसली, तर तिथे त्रिकोण निघाला. ती त्याची स्वतःची खूण होती. लग्नाच्या वर्षी हा दगड त्यानेच बसवला होता आणि साफ विसरला होता. पोराने मात्र ती पाहिली होती. जित्या बापाची खूण चाकांखाली घालायला त्याचा हात धजला नाही, म्हणून त्याने आपली घातली.

पाथरवटाने त्रिकोणावर हात ठेवला. "डोळे माझेच फुटले होते गं," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

मग त्याने मुलाची खूण खाली घालून दगड बसवला, फटींत रेती ठासली. वर त्रिकोण कोरा करकरीत दिसत होता.

खाली ट्रक खोळंबला होता. "झालं का, बाबा?" ड्रायव्हरने विचारलं.

"झालं. ये," पाथरवट म्हणाला, आणि बायकोचा हात धरून बाजूला झाला.