वा! प्रकाश काय पकडलाय!

मला तुम्ही ओळखता. कदाचित कालच कुणाच्या तरी फोटोखाली मला चिकटवून तुम्ही पुढे गेला असाल. मी एक प्रतिक्रिया. 'वा! प्रकाश काय पकडलाय!' एवढीच माझी लांबीरुंदी. हसू नका. माझाही जन्म झाला होता, आणि तोही चांगल्या घरात.

माझे जन्मदाते चष्मेवाले काका. त्यांचं चष्म्यांचं छोटंसं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ते फोनवर एका फोटोमंडळात रमतात. हौशी माणसं तिथे आपापले फोटो टाकतात आणि एकमेकांच्या फोटोंवर चार शब्द लिहितात. एका दुपारी तिथे नवीन बाई आल्या. त्यांची लाँड्री होती. त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीचा फोटो टाकला होता. पलीकडून ऊन आलं होतं आणि सगळी चादर आतून उजळली होती.

काकांनी तो फोटो मोठा करून पाहिला, कोपरान् कोपरा पाहिला. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला. मग त्यांच्या बोटांतून मी उतरले. त्या वेळी माझ्यातला एकही शब्द उसना नव्हता.

लाँड्रीवाल्या बाईंनी मला आपल्या नणंदेला मोठ्याने वाचून दाखवलं. नणंद म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही आम्हाला ओळख दाखवाल का?" त्या दिवशी बाईंच्या इस्त्रीखालून एकसुद्धा सुरकुती सुटली नाही. असं सुख माझ्या वाट्याला आलं होतं, हे मी कधी विसरणार नाही.

पण त्या मंडळाची एक रीत होती. तुम्ही माझ्या फोटोवर लिहा, मी तुमच्या फोटोवर लिहितो. न लिहिणाऱ्याचा फोटो कोरडा राहायचा. 'आम्ही तुमच्या मांजराला छान म्हटलं, तुम्ही आमच्या सूर्यास्ताकडे फिरकलाही नाहीत' असे रुसवेफुगवे चालायचे. लग्नातल्या आहेरासारखं सगळं लक्षात ठेवलं जायचं.

काका भिडस्त. कुणाला दुखवायचं नाही म्हणून त्यांनी मला फोनमध्ये साठवून ठेवलं. एक अक्षर दाबलं की मी आख्खी बाहेर. मग काय विचारता! मांजराखाली मी, केकखाली मी, पुलाखाली मी. धुक्यातल्या झाडालाही मीच आणि कुणाच्या नव्या बुटांनाही मीच. बाकीच्यांनीही मला उचललं. माझा नुसता चोथा झाला. मला लिहिताना कुणी फोटोकडे बघेनासं झालं आणि मला वाचून कुणी हसेनासं झालं.

अशातच लाँड्रीवाल्या बाईंना एक संधी चालून आली. बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या मालकाला मदतनीस हवा होता. तो त्यांना म्हणाला, "तुमचा एक फोटो दाखवा. एकच. मग ठरवू." बाईंना रात्रंदिवस तेच दिसू लागलं. पण एकच फोटो म्हणजे नेमका कोणता? त्या रोज एक फोटो टाकायच्या आणि खाली लिहायच्या, 'खरं सांगा, हा पाठवू का?'

शर्टांच्या ढिगाचा फोटो टाकला, तर खाली माझी रांग. इस्त्रीच्या वाफेचा टाकला, तरी माझीच रांग. बाई विचारत होत्या एक आणि मंडळ उत्तर देत होतं भलतंच.

मग ती सकाळ आली. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड होती. बाईंनी दोन गठ्ठ्यांच्या मधल्या वेळात घाईघाईने एक फोटो टाकला. पण बोट चुकलं. गेला भलताच, फोन एप्रनच्या खिशात असताना आपोआप निघालेला फोटो. काळाकुट्ट. त्यात काही म्हणजे काही नव्हतं. खाली तोच प्रश्न होता, 'हा पाठवू का?'

आणि त्या अंधाराखाली मंडळींनी मला ओळीने लिहिलं. वा! प्रकाश काय पकडलाय! एकाने तर वर पुस्तीही जोडली, 'उजेड मुद्दाम कमी ठेवलाय ना? कमाल!' चष्मेवाले काकाही त्या ओळीत होते. मला त्या काळ्या चौकोनाखाली उभं राहताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी बाईंनी ते पाहिलं. नणंद एप्रनमध्ये तोंड खुपसून खदखदून हसली. बाईही हसल्या, आणि मग एकदम थांबल्या.

"मग तो चादरीचा फोटो?" त्या म्हणाल्या. "त्यालाही असंच न बघता लिहिलं असेल का गं?"

नणंदेचं हसू मावळलं.  उत्तर मला ठाऊक होतं. मी ओरडून सांगणार होते की तेव्हा मी खरी होते! पण आम्हाला आवाज कुठला? आम्ही जिथे लिहिल्या जातो तिथेच गप्प पडून राहतो.

बाईंनी मंडळाला कळवलं, 'तो फोटो काळा होता, चुकून गेला. सगळ्यांचे आभार. आता मी फोटो टाकणार नाही. स्टुडिओतही पाठवणार नाही.'

काकांनी हे वाचलं तेव्हा काकू दुकानात चष्म्यांच्या काड्या पुसत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, काळा चौकोन पाहिला, खालचं नवऱ्याचं नाव पाहिलं.

"अहो, एक विचारू? गिऱ्हाइकाने अक्षरांच्या फळ्याकडे न बघताच 'सगळं दिसतंय' म्हटलं, तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? परत खुर्चीत बसवतो."

"मग बसा."

काका खरोखरच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. काकूंनी दाराला आतून कडी घातली. काकांनी बाईंचे सगळे फोटो पहिल्यापासून पाहायला घेतले. मधेच कुणीतरी काच वाजवली, तर काकूंनी खुणेनेच परत पाठवलं.

मग काकांनी लिहिलं. मला न वापरता लिहिलं. 'ताई, माझं चुकलं. मी न बघता लिहीत होतो. आता बघून सांगतो. शर्टांचा फोटो पाठवू नका, तो कलंडलाय. वाफेच्या फोटोत काय बघायचं तेच कळत नाही. चादरीचा पाठवा. तो मी पहिल्या दिवशी खरंच पाहिला होता. चादरीच्या पलीकडून कुणीतरी चिमटा लावतंय, त्या दोन हातांची सावली कापडावर पडली आहे. एका हातात बांगडी आहे. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.'

बाईंनी ते एकदा मनात वाचलं. मग नणंदेला हाक मारली आणि तिच्यासमोर फोन धरला. नणंदेने आधी फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटातल्या बांगडीकडे.

"वहिनी, यांनी मला पाहिलं होतं!"

"पाहिलं होतं गं," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसत त्यांनी चादरीचा फोटो स्टुडिओत पाठवून दिला.

स्टुडिओच्या मालकाने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "चादरीमागे कोण आहे?" एवढंच त्याने विचारलं. आणि मग, "सोमवारपासून या."

आता काकांनी मला फोनमधून काढून टाकलंय. मंडळातही माझी गर्दी कमी होत चालली आहे. फोटोंखाली शब्द थोडे पडतात, पण बघून पडतात. मला म्हणाल तर त्याचं जराही वाईट वाटत नाही. चादरीखालची माझी जुनी जागा शाबूत आहे आणि मी तिथे सुखात आहे. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे, मला लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी बघा. आणि बघितल्यावर दुसरं काही सुचलं, तर मला खुशाल विसरा.

परवा काकांनी आपल्या दुकानाचा फोटो टाकला. चष्म्यांच्या ओळी, मागे मोठा आरसा. पूर्वी खाली मीच आले असते. पण सगळ्यांच्या आधी लाँड्रीवाल्या बाईंचे शब्द आले, 'काका, कोपऱ्यात तुमचं बोट आलंय. चष्मे ठीक आहेत. पण आरशात काकू हसतायत, त्या मधोमध हव्या होत्या.'

काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "मी दिसले कुणाला तरी."

काका उठले. त्यांनी फोन उचलला, बोट नीट बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अशीच उभी राहा. या वेळी मधोमध घेतो."