भट्टीतला डबा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भट्टीकाका म्हणत; खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं भट्ट्या सांभाळल्या, एक नमुना जळू दिला नाही, याचा त्यांना भारी ताठा.

त्या सकाळी भट्टीचं दार उघडलं आणि ताठा जागच्या जागी गळाला. संशोधन करणाऱ्या मॅडमच्या प्लास्टिकच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या.

पट्टी काचेसारखी नितळ, आत केसाहून बारीक वाट. त्या वाटेने उजेड संगणकातल्या एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे न्यायचा. दीडशे अंशांवर हजार तास राहूनही रंग बदलता कामा नये, एवढीच अट. एवढीच म्हणे! त्या अटीपायी मॅडमनी चार वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"कुठे चुकलं हो माझं, काका?" मॅडम पट्टी उजेडात धरून म्हणाल्या. "आज तीनच्या बैठकीत साहेब हे काम बंदच करणार."

काकांनी कप्पे एकेक करून पाहिले. सर्वांत पिवळ्या पट्ट्या खालच्या कप्प्यातल्या होत्या, आणि त्याच्याही खाली, भट्टीच्या तळाशी काय ठेवलं जायचं ते एकट्या त्यांना माहीत होतं. मॅडमचा जेवणाचा डबा! मॅडम कामाच्या नादात रोज गार जेवतात, हे त्यांना बघवेना. म्हणून नऊ दिवस, दुपारी दहा मिनिटं, झाकण जरा सैल करून. भाजीच्या तेलाची वाफ वर जाऊन पट्ट्यांवर बसेल, हे नवशिक्यालाही कळलं असतं. काकांना मात्र आपल्या चांगुलपणाचं कौतुक होतं.

तीनला पाच मिनिटं असताना त्यांनी मॅडमना जिन्यात गाठलं आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मॅडम थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"पट्टीत दोष नाही, सर. चाचणी बिघडली. माझ्याकडून."

"चार वर्षांनी असली चूक? करा पुन्हा, पण शेवटचं. आणि नव्या विभागाची प्रमुख म्हणून तुमचं नाव मी सुचवणार होतो, ते आता विसरा."

बाहेर उभ्या काकांना शब्दन् शब्द ऐकू आला. मॅडम बाहेर आल्या तसे ते पुढे झाले.

"माझं नाव का नाही घेतलंत? मी जातो, सांगतो त्यांना."

"नका जाऊ. नऊ दिवस मी गरम जेवले, काका. इथे गॅस नाही, शेगडी नाही. डबा गरम कुठून येतो, हे मी एकदाही विचारलं नाही." त्या जिन्याकडे वळल्या. "उद्या नव्या पट्ट्या लावू. भट्टी पुसून ठेवा."

काकांनी भट्टी तीनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मॅडमनी डबा उघडला. भाजीवर तेल गोठलं होतं. त्यांनी तसंच खाल्लं, शेवटच्या घासापर्यंत. समोर बसलेल्या काकांनी आपला डबा उघडलाच नाही.