त्या दुपारी मी दवाखान्याकडे वळले नाही

मित्रांनो, मी रत्नागिरीतली एक जुनी रिक्षा आहे. मांडवीच्या नाक्यावर वडाखाली उभी असते. खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा खाल्ला आहे, हुडाला दोन ठिकाणी ठिगळं आहेत. पुढच्या वर्षी मला मोडीत काढणार आहेत. त्याआधी तुम्हाला काही सांगायचं आहे. ते सांगताना मला बरं वाटत नाही, पण न सांगता जाणं त्याहून वाईट.

माझ्या मालकांचं नाव गंगाराम. मूळ गाव पाली. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी मला घरी नेलं तेव्हा त्यांच्या बायकोने, सगुणाने, माझ्या काचेला हळदीकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. तेव्हापासून मी धावते आहे. शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका, आंब्याच्या पेट्या, सगळं मी वाहिलं. एकदा भर पावसात एका अडलेल्या बाईला मी वेळेत दवाखान्यात पोहोचवलं. तिच्या घरच्यांनी नाक्यावर पेढे वाटले. "गंगारामची गाडी कधी अडत नाही," असं लोक म्हणू लागले. मला त्याचा अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तो अभिमान संपला.

दुपारचे चार वाजले असतील. भाट्याच्या किनाऱ्यावर प्रवासी सोडून आम्ही परतत होतो. सुरूच्या बनातून एक मुलगा हात करत धावत आला. त्याचं नाव मुकुल. त्याच्या मागून एक मुलगी आली, ती मनस्वी. दोघं कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. त्यांची परीक्षा त्याच दिवशी संपली होती. झाडाच्या मुळाशी त्यांचा मित्र शौनक पडला होता. गंगाराम आणि मुकुल यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून माझ्या मागच्या सीटवर आणलं. त्याची मान एकीकडे कलंडत होती. शर्टावर उलटी होती.

"काय झाला रे याला?" गंगारामांनी विचारलं.

"ऊन लागलंय, काका. मांडवीला आमची खोली आहे, तिथे सोडा," मुकुल म्हणाला.

उन्हाला दारूचा वास येत नाही. तो मलाही आला, गंगारामांनाही आला. तरी त्यांनी मला सुरू केलं.

भाट्याच्या पुलावर मनस्वीने शौनकच्या गालावर चापट्या मारल्या. त्याने डोळे उघडले नाहीत. ती हळूच म्हणाली, "मुकुल, याचे हात गार पडलेत. आपण दवाखान्यात नेऊया."

"वेडी आहेस का? तिथे पोलीस येतील. कॉलेजात कळलं तर तिघांनाही काढतील. याचे बाबा किती कडक आहेत, माहिती आहे ना तुला?"

"पण तो उठत का नाहीये?"

"झोपलाय तो. घोरतोय, ऐकू येत नाही का? लिंबूपाणी देऊ, रात्रीपर्यंत उतरेल."

खरंच शौनक घोरत होता. पण ते घोरणं थांबत थांबत येत होतं. मधेच बंद व्हायचं, मग घशात घरघर होऊन पुन्हा सुरू व्हायचं. माझ्या इंजिनाच्या आवाजातही मला ते ऐकू येत होतं.

पुढे एका नाक्यावर रस्ता फुटतो. डावीकडे मांडवी, समोर दवाखाना. तिथे गंगारामांनी वेग कमी केला आणि मागे वळून बघितलं. "पोरांनो, नक्की खोलीवरच ना?" मुकुल म्हणाला, "हो काका, चला." मनस्वीने बाहेर तोंड फिरवलं. गंगारामांनी हँडल डावीकडे वळवलं, आणि मी वळले.

मुकुल आणि मनस्वीने शौनकला खोलीत उताणा झोपवला. थोड्या वेळाने दोघं जेवण आणायला म्हणून बाहेर पडली. परत आली तेव्हा त्याचा श्वास बंद झाला होता. उलटी घशात अडकली होती, असं रात्री नाक्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ माझ्यात बसले. गुहागरहून आले होते. "मोठ्या दवाखान्यात चला," म्हणाले. तिथे शवागार कुठल्या बाजूला आहे, असंही त्यांनी विचारलं. मग आपणहून सांगू लागले. त्यांचं नाव परशुराम, सुपारीची बाग आहे, एकुलता एक मुलगा होता, परवाच फोनवर म्हणाला होता की पेपर चांगले गेलेत.

शौनक ज्या सीटवर कलंडला होता, तिथेच ते बसले होते. मुलाची खोली मांडवीला होती, हे ऐकताच गंगारामांनी ओळखलं. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी मला थांबवलं, खाली उतरले आणि हात जोडून परशुरामांसमोर उभे राहिले.

"भाऊ, काल तुमचा मुलगा याच गाडीत होता. मीच त्याला खोलीवर सोडला. मला वास आला होता. इकडे आणायला पायजे होता. मी आणला नाय."

परशुराम गाडीतून खाली उतरले. मला वाटलं, आता ते हात उगारतील.

"जिवंत होता तेव्हा?"

"होता. घोरत होता."

"घोरत होता," ते म्हणाले. "मग झोपलाय असंच कुणालाही वाटेल." ते दोन पावलं फाटकाकडे गेले आणि वळले. "माझ्या भीतीने त्याला इथे आणलं नाही, असं त्याच्याबरोबरची मुलगी म्हणाली, पोलिसांनी फोनवर सांगितलं. मी एवढा वाईट होतो का हो?"

 परशुराम एकटेच आत गेले.

त्यानंतर दोन महिने मी ताडपत्रीखाली पडून होते. गंगाराम मला हात लावत नव्हते. उंदरांनी माझी सीट कुरतडली, बॅटरी मेली. नाक्यावरचे लोक समजूत घालायला येत, म्हणत, "तुझा काय दोष? पोरांनी सांगितला तिथे तू सोडलास." गंगाराम ऐकून घेत आणि आत जाऊन बसत. शेवटी सगुणा म्हणाली, "तुम्ही बसून राहिलात तर तो पोरगा परत येनार हाय काय? दवाखान्यात जा नि इचारा, असा मानूस ओळखायचा कसा, करायचा काय. निदान म्हायती तरी होईल."

ते गेले. तिथल्या एका सिस्टरने त्यांना सगळं नीट समजावून दिलं. घरी येऊन त्यांनी ते एका कागदावर लिहिलं आणि घडी करून खिशात ठेवलं. मग माझी ताडपत्री काढली.

तो कागद गेल्या फेब्रुवारीत कामी आला. कॉलेजचं गॅदरिंग चालू होतं. दुपारी बाराच्या सुमारास सानिका नावाची एक विद्यार्थिनी नाक्यावर पळत आली. "काका, माझी मैत्रीण पडल्येय. तिला तिच्या आत्याकडे पोचवायचंय. कुणाला सांगू नका."

सानिकाची खोली जवळच होती, तळमजल्यावर; आम्ही लगेच तिथे गेलो. उघड्या दारातून मला कॉट दिसत होती. कॉटवर आरोही पडली होती. ओठ निळसर झाले होते. गंगारामांनी तिला मोठ्याने हाका मारल्या, खांद्याला हलवलं. ती जागी झाली नाही. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, तिचं तोंड खालच्या बाजूला केलं आणि खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?" सानिकाने त्यांचा हात धरला.

"एकशेआठला. अॅम्ब्युलन्स बोलावतो."

"नको ना काका. घरी कळेल. तिचं कॉलेज बंद करतील. ती मला कधीच माफ करणार नाही."

"नाय करनार कदाचित," गंगाराम म्हणाले. "तू तिच्या बाजूला बस, गो बाय. श्वास चाललाय काय, ते बघत ऱ्हा. काय खाल्लान, काय प्यायलान, ते आठव. डॉक्टर इचारतील. तेव्हा काय पन लपवू नको."

सानिका रडत रडत बसली. मग उठून तिने कचऱ्याच्या डब्यातून गोळ्यांची रिकामी पट्टी शोधून आणली. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत आरोहीचा श्वास दोनदा अडखळला. अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना सानिकाने सगळं खरं सांगितलं. दारू किती, गोळ्या कुठल्या, केव्हा घेतल्या. तिने ती पट्टी त्यांच्या हातात दिली. अॅम्ब्युलन्स पुढे गेली आणि मी तिच्या मागून धावले. मला तेवढंच करता येत होतं.

आरोही वाचली. पण मित्रांनो, त्यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. घरी कळलं. वडील आले, खूप बोलले. कॉलेजातही तिला बोलावून घेतलं. तिथल्या एक शिक्षिका मात्र तिला दर आठवड्याला समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जात. महिनाभर आरोही सानिकाशी एक शब्द बोलली नाही. दोघी माझ्यात बसायच्या, मधे पिशवी ठेवून. सानिका खाली बघत असे. मी आरशातून बघायचे आणि मनात म्हणायचे, रागाव, हवी तेवढी रागाव. रागावायला तू आहेस, हे काय कमी आहे?

मनस्वीही कधीकधी भेटते. ती आता नोकरी करते. नाक्यावर आली तरी माझ्यात बसत नाही, दुसरी रिक्षा करते. मी तिला दोष देत नाही. त्या दिवशी आम्हा चौघांत तिलाच खरं कळलं होतं, आणि तिचं कुणीच ऐकलं नाही. मीही नाही.

मित्रांनो, तुम्ही कॉलेजात जाल, मित्र जमवाल, मजा कराल. दारूच्या आणि नशेच्या वाटेला जाऊ नका, असं तुमचे आईवडील सांगतात ते खरंच आहे. पण एखाद्या दिवशी कुणी गेलाच आणि तुमच्यासमोर पडला, तर त्या वेळी चूक कुणाची हे ठरवत बसू नका. शिक्षेला घाबरू नका. शिक्षा भोगून माणूस पुढे जातो. त्याला हाक मारा. उठला नाही, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल, तर झोपेल आणि उतरेल म्हणून वाट बघू नका. लिंबूपाणी, कॉफी काही पाजू नका. कुशीवर वळवा आणि एकशेआठला फोन करा. काय घेतलं ते खरं सांगा. आणि मदत येईपर्यंत त्याला एकट्याला सोडून कुठेही जाऊ नका, जेवण आणायलासुद्धा नाही.