पाहुणीला दिलेलं पाणी

हिमानीचं बोलणं अर्ध्यावर असतानाच भगवंतरावांनी जेसीबीवाल्याला फोन लावला.

"सागर, उद्या सकाळीच ये. विहीर बुजवून टाकू."

नागपूरच्या संस्थेतली ही पोरगी गावोगावच्या पाण्याचं वय काढत फिरते, एवढंच त्यांना ठाऊक. आज ती सांगत होती की त्यांच्या बोअरचं पाणी गेल्या दोन-चार पावसाळ्यांतलं आहे. म्हणजे बोअर दरसाल भरते! मग काय, तिच्यावर मोठी मोटर बसवायची आणि विहिरीच्या जागी संत्र्याची झाडं लावायची. भगवंतरावांना स्वर्ग दोन बोटं उरला.

"पण काका, मी वेगळ्याच कामाला आले," हिमानी म्हणाली. "शेजारच्या तिगावकडच्या सगळ्या खोल बोअरचं पाणी दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचं निघालं. ते पाऊस होऊन पडलं तेव्हा इथली हवासुद्धा आजच्याहून थंड होती. तुमचंच तेवढं कालचं कसं?"

"आपल्या जमिनीचा गुण हाय तो!"

चहा घेऊन आलेल्या प्रेमलताबाई दारातच थबकल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या याच विहिरीचं पाणी भरत होत्या. ती बुजवायची भाषा घरात सुरू झाल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. आता बोलावं तर नवऱ्याचा आनंद मावळणार, गप्प राहावं तर विहीर जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"मॅडम, मागच्या खेपेले लाईट नव्हती, बोअर चालू झाली नाही म्हणून तुम्ही बाटली ठेवून गेल्या होत्या ना," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यात मी विहिरीचं पाणी भरलं."

"अन् बोअरचं कावून नाही भरलं?" भगवंतराव ओरडले.

"खारट लागते ते. आपल्या घरचं पाणी नागपूरले जाऊन राहिलं, अन् खारट धाडू? बाकी मॅडमनं सांगितलं तसंच केलं. बाटली बादलीत बुडवून भरली, हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही."

हिमानीनं कपाळाला हात लावला, आणि मग तिला हसूच आवरेना.

"काकू, म्हणजे दरसाल भरते ती तुमची विहीर. बोअरचं पाणी आज मी स्वतः भरून नेते, पण तेही शेजाऱ्यांसारखं जुनंच निघेल. तसलं पाणी एकदा उपसलं की आपल्या हयातीत भरून येत नाही."

भगवंतराव तडक उठून अंगणात गेले. रागावले की ते असेच जात. प्रेमलताबाई ट्रे खाली ठेवायलाही विसरल्या. भीती वाटत होतीच, पण मनावरचं ओझं उतरलं होतं.

बाहेरून आवाज आला. "सागर, जेसीबी नको आणू. क्रेनवाल्याले पाठव. विहिरीतला गाळ काढायचा हाय."

आत येऊन त्यांनी चहा उचलला.

"अन् मोठी मोटर?" प्रेमलताबाईंनी हळूच विचारलं.

"नको आता." एक घोट घेऊन ते थांबले. "इतकं म्हातारं पाणी ते. निजलं हाय बिचारं, निजू दे."