मोतीरामची शुगर

मोतीराम रामटेके हिंदी मुलखातल्या एका शहरात, कांचघर वस्तीत राहायचा आणि सरकारी कारखान्यात फिटर होता. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याचं कशातच मन लागेना. सकाळी पलंगाच्या कडेला बसायचा तो बसूनच राहायचा, एक मोजा पायात, एक हातात. पाटनला मेव्हण्याच्या लग्नात तर तो वरातीत चालता चालता रडायला लागला. बायकोनं, लतानं, डोळ्यांत धूळ गेली म्हणून त्याला बाजूला नेलं आणि पुढच्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "डिप्रेशन है. बहुत लोगों को होता है." गोळ्या लिहून दिल्या आणि दर महिन्याला यायला सांगितलं.

परतताना ऑटोत लतानं विचारलं, "गल्लीत काय सांगायचं?"

"डॉक्टर म्हणाले तेच."

"ते सांगितलं तर उद्यापासून तुम्ही मेंटल. आपल्या मनीषाचं लग्न व्हायचं आहे."

मनीषा तेव्हा सातवीत होती. पण लता मोठ्यानं विचार करू लागली होती. टीबी म्हटलं तर कोणी घरचा चहा पिणार नाही. हार्ट म्हटलं तर पाटनची सगळी मंडळी मुक्कामाला येतील. मूळव्याध तिला चारचौघांत सांगवली नसती. शेवटी ऑटोवाल्यालाच राहवेना. मागे न बघता तो म्हणाला, "दीदी, शुगर बोल दो. हमारे मालिक को भी है. इज्जत की बीमारी है."

मोतीरामला शुगर झाली ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता शेजारच्या पार्वताबाई कारल्याच्या रसाचा ग्लास घेऊन दारात उभ्या. ग्लास रिकामा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग रोजच येऊ लागल्या. लग्नाकार्यात मोतीरामच्या पानापाशी आलं की वाढणारे जिलबीचं ताट उचलून पुढे जायचे. कोणी त्याला वाईट बोललं नाही. उलट लोक थांबून तब्येत विचारायचे, आपापल्या मामा-काकांची शुगर किती ते सांगायचे. लताला वाटलं, आपण नाव अगदी बरोबर निवडलं.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी हळूहळू काम केलं. चार महिन्यांनी मोतीराम पोटभर जेवू लागला, एक दिवस मनीषाच्या बोलण्यावर हसलाही. पार्वताबाईंनी गल्लीभर सांगितलं, "माझ्या कारल्यानं."

दिवाळीच्या आधी वस्तीतल्या बुद्धविहारात शुगर तपासणीचं शिबिर भरलं. विहार समितीचे अध्यक्ष भय्यासाहेब पंधरा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेत होते. त्यांनी मोतीरामला पहिल्या खुर्चीवर बसवलं. बोट टोचलं. मशीनवर आकडा आला शहाण्णव.

टाळ्या पडल्या. पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या. "सोळा आठवडे. एक दिवस खाडा नाही."

मग भय्यासाहेबांचं बोट टोचलं. दोनशे ऐंशी. त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे बंद. पार्वताबाई, उद्यापासून माझाही एक ग्लास."

मोतीरामनं लताकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. भय्यासाहेब पाकीट तिथंच ठेवून निघाले, तेव्हा मात्र तो उठला.

"भय्यासाहेब, गोळ्या खिशात ठेवा. मले शुगर नव्हतीच."

"मग काय होतं?"

"डिप्रेशन. मनाचा आजार. त्याच्या गोळ्या घेऊन राहिलो मी."

भय्यासाहेबांनी जरा आवाज उतरवून विचारलं, "म्हणजे डोक्याचं?"

"हाव, डोक्याचं म्हणा. पण तुमचं डोक्याचं नाही. तुम्ही गोळी सोडली तर पाय जाईल."

पार्वताबाई पुढे आल्या. "मग मी चार महिने कारलं कोणाले पाजून राहिली होती?"

"मलेच, मावशी."

"अन् तू पीत काहून होता?"

"नाही म्हणायची ताकदच नव्हती. त्या आजारात तेच तर होते."

भय्यासाहेबांनी पाकीट उचलून खिशात टाकलं. लता एकटीच घरी निघून गेली आणि दोन दिवस नवऱ्याशी मनीषामार्फत बोलली.

लताची भीती अगदीच खोटी नव्हती. समोरच्या घरचे आपल्या नातवाला मोतीरामच्या स्कूटरवर बसू देईनात. संध्याकाळी स्कूटर आत घेताना मोतीराम त्या दाराकडे बघायचा. कारखान्यात लोक त्याच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले, जसं काही त्याला ऐकूच कमी येतं. पार्वताबाईंनी बोलणं सोडलं ते आजारामुळे नाही, कारल्यांमुळे. महिनाभरानं त्या आल्या आणि म्हणाल्या, निदान सांगितलं असतं तर गूळ तरी घातला असता.

एकदा नळावर भानुमतीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय लता, घरच्यांच्या पागलपणाच्या गोळ्या अजून सुरू आहेत म्हणे?"

बायकांनी बादल्या भरायच्या थांबवल्या. लताला आधी वाटलं, चूप राहावं. मग ती म्हणाली, "डिप्रेशनच्या, भानुमतीबाई. पहिल्या सोमवारी दवाखान्यात जातो आम्ही, नऊ वाजता. पूर्ण ऑटो करतो, एक सीट खाली राहते."

भानुमतीबाई बादली अर्धीच भरून निघून गेल्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पावणेनऊला त्या इस्त्रीची साडी नेसून, आपल्या मिस्टरांचा हात धरून दारात उभ्या होत्या. मिस्टर खाली बघत होते.

"दोन सीट होतील का?" त्यांनी विचारलं.

मोतीराम दाराशी थांबलेल्या ऑटोतून उतरला आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसला.