हुसेन मुकादमाची टोळी

वारज्यात बावीस मजल्यांची एक इमारत उभी राहत होती. तिच्या अंगाभोवतीची सगळी परांची हुसेनभाईंच्या देखरेखीखाली चढली होती. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण खालून नुसती मान वर केली तरी कुठला पाइप ओळंब्यात नाही हे त्यांना कळायचं. हल्ली परांची लोखंडी पाइपांची असते. हुसेनभाईंची उमेदीची वर्षं मात्र बांबू आणि काथ्यात गेली होती, आणि ही गोष्ट ते साइटवर कुणालाच विसरू देत नसत.

मार्चच्या सुरुवातीला साइटवर सुरक्षा सप्ताह होता. निकिता ही तिथली सेफ्टी ऑफिसर. वय सत्तावीस, बोलणं मोजकं, पण बेल्टशिवाय कुणी उंचावर दिसला की त्याला सरळ खाली उतरवणारी. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना गोळा करून ती दहा मिनिटं बोलायची. त्या दिवशी म्हणाली, "हुसेनचाचा, आज तुम्ही बोला. तुमच्या वेळी कसं असायचं ते सांगा."

हुसेनभाईंना एवढंच हवं होतं.

"हडपसरला तेव्हा भाजीच्या मळ्यांमधून इमारती वर यायला लागल्या होत्या," त्यांनी सुरुवात केली. "आम्ही सहा जण. मी, दशरथ आणि बाकीचे चार. काथ्या भिजवून गाठ अशी आवळायची की सोडवायला कोयताच लागायचा. हेल्मेट म्हणजे डोक्याला गुंडाळलेला टॉवेल. बेल्ट म्हणजे पायाची बोटं! दुपारी कालव्यात डुंबायचं, मग डबे उघडायचे. आमच्या मदिनाबीनं दिलेला खिमा दशरथ संपवायचा आणि त्याच्या शालननं दिलेल्या भाकरीवर मी ताव मारायचो. थट्टामस्करी तर दिवसभर चालायची. असं हसत काम करणारी माणसं आता दिसत नाहीत."

टाळ्या पडल्या. प्लास्टरवाले, सळईवाले, सगळे खूश होऊन आपापल्या मजल्यावर गेले. निकिता मात्र तिथंच थांबली.

"छान बोललात, चाचा. एक विचारू? ते सहा जण आता कुठं असतात?"

हुसेनभाई बोटं मोजायला लागले. "दोघं गावी गेले. एकाचा पत्ता नाही. एक... एक डक्टमध्ये पडला होता, दुसऱ्या साइटवर. तो तिथंच गेला." त्यांनी शेवटचं बोट धरलं. "आणि दशरथ तिसऱ्या मजल्यावरून पडला. शहाण्णव साली. आहे, हडपसरलाच आहे."

"भेटता का त्यांना?"

"ईदला फोन असतो त्याचा."

"हं," एवढंच म्हणून निकिता वर गेली. तिनं काही सुनावलं असतं तर हुसेनभाईंनीही दोन शब्द ऐकवले असते. पण ते "हं" दिवसभर त्यांच्या कानात राहिलं.

रविवारी त्यांनी मदिनाबीला सांगितलं, "दशरथकडे जाऊन येतो." मदिनाबीनं काही न विचारता डबा भरायला घेतला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्या घरी निघाले होते.

हडपसरला बसमधून उतरल्यावर त्यांना दिशाच कळेना. मळे होते तिथं मॉल, कालव्याकडे जाणाऱ्या वाटेवर रिक्षांची रांग. एका जुन्या चार मजली इमारतीपाशी आल्यावर मात्र पाय आपोआप थांबले. तिची परांची त्यांनीच बांधली होती. आता बाल्कन्यांना जाळ्या लागल्या होत्या आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. ते तिथं फार वेळ उभे राहिले नाहीत.

दशरथ दारातच खुर्ची टाकून बसला होता. कंबर मोडल्यापासून तो काठीशिवाय उभा राहू शकत नव्हता. तरी हुसेनभाईंना पाहून त्यानं उठायची धडपड केली.

"जय भीम, हुसेन! वाट चुकला का काय?"

"बस रे, बस. उठू नकोस."

शालनवहिनी बाहेर आल्या. दशरथ घरी बसल्यावर पंचवीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून राबून त्यांनी घर ओढलं होतं, मुलाला, अभयला, शिकवलं होतं. "भाऊ, फोनवर आवाज तरणा वाटतो तुमचा. केस मात्र पार पिकले," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मग दोघांच्या गप्पांना धरबंधच राहिला नाही. कालव्यात कुणी कुणाची चप्पल सोडून दिली होती, पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरलं की दशरथ कसा चुलीतली राख टाकत फिरायचा, शिट्टीवर कोण कुठलं गाणं वाजवायचं. दशरथ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. हुसेनभाईंना वाटलं, उगाच लांबवलं आपण, आधीच यायला हवं होतं.

मग त्यांनीच विषय काढला. "दशा, तू पडलास त्या वेळचा काथ्याच खराब होता रे. पूर्ण गठ्ठा कुजका आला होता. मी नंतर त्या दुकानदाराशी भांडलोही."

दशरथचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हुसेन, ती गाठ सैल हाय ते मला दिसलं होतं."

"म्हणजे?"

"सकाळीच दिसलं होतं. काथ्या काळा पडला होता. हात लावला तर भुगा निघाला."

"मग बोलला का नाहीस?"

"आदल्या दिवशी तो नवीन गडी बोलला होता ना तुला, फळी हलतीय म्हणून. आठवतंय?"

हुसेनभाईंना आठवत नव्हतं.

"तू नवा नवा मुकादम. सगळ्यांसमोर म्हणालास, भीती वाटत असंल तर घरी जाऊन पोळ्या लाट. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो." दशरथनं काठी जमिनीवर टेकवली. "दुसऱ्या दिवशी मी कुठल्या तोंडानं बोलणार? म्हटलं, प्लास्टरचा एवढा एक पट्टा तर राह्यलाय. जाईल निभावून."

आत कपबशांचा आवाज थांबला होता. शालनवहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनीही हे आजच ऐकलं होतं.

"एकोणतीस वर्षं पोटात ठेवलंत होय हो?" त्या म्हणाल्या.

"काय सांगू? ह्याला दोष दिला असता तर दोस्त गेला असता. आणि माझ्या हसण्याचं काय? ते बी सांगावं लागलं असतं."

हुसेनभाईंना काहीतरी बोलायचं होतं. माफ कर, असं म्हणावंसं वाटत होतं, पण तो शब्द इतका लहान वाटला की त्यांनी दशरथचा हात नुसता धरून ठेवला. मग ते म्हणाले, "तू बोलला असतास, तर मी तुलाही तेच ऐकवलं असतं."

"ते मला बी माहीत हाय," दशरथ म्हणाला.

परतीच्या बसमध्ये हुसेनभाईंना ती दुपारची हसणी पुन्हा पुन्हा आठवत राहिली. तीस वर्षं जपलेली, साइटवर टाळ्या मिळवून देणारी. त्यांतली किती हसणी कुणाचं तरी तोंड बंद करून गेली असतील, याचा हिशेब आता लागणार नव्हता.

सोमवारी सकाळी त्यांनी निकिताला विचारलं, "मॅडम, दोन मिनिटं मिळतील?" आणि सगळ्यांसमोर दशरथची गोष्ट सांगितली. पोळ्या लाटण्याचं वाक्यही गाळलं नाही. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. शेवटी म्हणाले, "आजपासून परांचीवर कुणीही 'थांबा' म्हणालं की काम थांबणार. मी स्वतः चढून बघणार. सांगणाऱ्याला जो हसेल त्यानं माझ्या परांचीवर पाय ठेवायचा नाही."

निकिता मागं उभी होती. दुपारी तिनं स्वतः चहा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

गुरुवारी खरी वेळ आली. नवव्या मजल्याचा स्लॅब ओतला जाणार होता. काँक्रीटच्या तीन गाड्या गेटवर गुरगुरत उभ्या होत्या आणि साइट इंजिनियर विश्वजीत घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. तेवढ्यात कौशल्या पुढं आली. ही घमेली उचलणारी बाई, सहा महिन्यांत कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"चाचा, थांबा," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातून जाताना फळी खाली दबल्यागत वाटली."

"दबल्यागत म्हणजे?" विश्वजीत तडकला. "बाई, काँक्रीट गाडीतच घट्ट होईल! आपण काय ज्योतिष बघत बसायचं का?"

कौशल्या मागं सरकली. हुसेनभाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला, बेल्ट अडकवला आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी वर चढायला लागले. निकिता त्यांच्यामागून चढली. दोघांनी कोपऱ्यातला एकेक क्लॅम्प हलवून पाहिला, फळ्यांवर उभं राहून पाहिलं, खाली उतरून स्लॅबखालचे टेकू ठोकून पाहिले. पस्तीस मिनिटं गेली. सगळं ठीक होतं. एक फळी जुनी होती आणि जरा लवत होती, इतकंच.

खाली सगळे वाट बघत होते. कौशल्याची मान खाली गेली होती. विश्वजीतनं मोठ्यानं विचारलं, "काय सापडलं?"

"काही नाही," हुसेनभाई म्हणाले. "जुनी फळी होती. बदलली."

कुणीतरी फिसकन हसणार होतं, पण हुसेनभाईंनी तिकडं पाहिलं आणि ते हसू तिथंच विरलं. मग ते कौशल्याकडे वळले. "बाई, बरं केलंत. उद्या पुन्हा वाटलं तर पुन्हा सांगा. दहा वेळा काही सापडलं नाही तरी अकराव्या वेळी सांगा. मी चढेन."

"साहेब, आता चालू करा," ते विश्वजीतला म्हणाले. विश्वजीत काही पुटपुटला, पण त्यानं गाड्यांना हात केला.

पुढच्या आठवड्यात दोघं-तिघं येऊन काहीबाही सांगून गेले. त्यांत एका रंगाऱ्याचं म्हणणं खरं निघालं. सामान वर नेणाऱ्या लिफ्टच्या दाराची कडी तुटली होती आणि दार नुसतंच लोटलेलं होतं. निकितानं लिफ्ट त्याच क्षणी बंद करायला लावली.

त्या दुपारी हुसेनभाईंनी सावलीत बसून दशरथला फोन लावला आणि सगळं सांगितलं, कौशल्याचं सुद्धा. दशरथ लक्ष देऊन ऐकत होता, मधूनच "मग?" विचारत होता, जुन्या दिवसांत परांचीवर बसून विचारायचा तसाच.

"एकदा घेऊन जा की मला तिकडं," शेवटी तो म्हणाला. "वर नाही चढणार. खालूनच बघंन."

"अभयला घेऊन रविवारी ये. साइट बंद असते, निवांत फिरवतो," हुसेनभाई म्हणाले, आणि दशरथसाठी एक हेल्मेट बाजूला काढून ठेवायला निकिताला सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.