अल्फियाचा हात

बाईचा हात हातात घेतला की मला तिचं सगळं कळतं, असं मी तीस वर्षं मिरवत आले. त्या मिरवण्याला आग लागो. आम्ही बांगड्या भरणारे मणेर. घर इंदापूरला, आणि आठवड्यातले पाच दिवस पाच गावच्या बाजारात पाल टाकायचं. बाई भांडून आलीय की खुशीत आहे, पोटुशी आहे की नाही, मूठ दाबली की मला समजायचं. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा किती जणींना भरला, त्याला गणती नाही.

माझ्या लेकाचं, सोहेलचं लग्न झालं आणि सूनही बाजाराला येऊ लागली. अल्फिया. गुणी पोर, शब्दाबाहेर नाही. तिला मी धंद्यातली पहिली गोष्ट शिकवली ती पाण्याची. सकाळी अर्धा कप चहा, मग घरी परतेपर्यंत काही प्यायचं नाही. पुरुषांचं काय, भिंत दिसली की उभे. बाजारतळावर बायकांनी जायचं कुठं? मला माझ्या सासूनं हेच शिकवलं होतं.

"अम्मी, लई तहान लागलीया वो," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"चूळ भर आन् थुकून टाक. हुईल सवय."

सवय झाली. शेजारी भाजी विकणाऱ्या सारजाला मी कौतुकानं सांगायचे, "माझी सून दिसभर जागची उठत न्हाय."

पोटुशी राहिल्यावरही तिनं तोच नेम चालवला, आणि मीही चालू दिला. पाचवा महिना सरला तेव्हा एप्रिलचं ऊन होतं. लघवीला गेली की डोळे पुसत बाहेर यायची.

"उन्हाळी लागलीया," मी म्हणाले. "समद्या बायांना लागती."

संध्याकाळी सब्जा दिला, धन्याचं पाणी दिलं. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जळजळ.

"अम्मी, सरकारी दवाखान्याच्या आशाताई म्हणत्यात, लघवी तपासून घ्या. पोटुशा बाईनं हे अंगावर काढायचं नसतं."

"रविवारचा बाजार हुंदे, मग जाऊ."

लग्नसराई ऐन भरात होती. मी बाजार बघितला, तिला बघितलं नाही.

रविवारी दुपारी ती सारखी कंबर दाबत होती. मी एका नवरीला चुडा भरत होते. लाखेच्या बांगड्यांचा डबा मागितला, तिनं दिला, आणि तिची बोटं माझ्या हाताला लागली. तव्यासारखी भाजत होती. मला कळलं. तीस वर्षं हेच करणाऱ्या हाताला कळणार नाही होय?

"ऊन बाधलंय तुला, पदर घे डोक्यावर," मी म्हणाले आणि नवरीच्या हातात पुढची बांगडी चढवली.

घरी येईपर्यंत तिला हुडहुडी भरली. सोहेलनं गाडी करून बारामतीला दवाखान्यात नेलं. सलाईन लावायला तिच्या हातातल्या बांगड्या मीच उतरवल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "लघवीतलं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. जळजळ कधीपासून होती?"

"तीन आठवडे," सोहेल म्हणाला.

"आणि दिवसाला पाणी किती प्यायची?"

सोहेलनं माझ्याकडे बघितलं. कुणीतरी मला चार शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, पण कुणी दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अवेळी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तासभर होती. तिची मूठ माझ्या बोटाच्या पेराएवढी होती. एवढ्या हाताची बांगडी आमच्याकडे नसते.

तिला माती देऊन सोहेल परत आला आणि बाहेरच्या बाकावर बसला.

चौथ्या दिवशी अल्फियाचा ताप उतरला. नर्स म्हणाली, "आजी, हिला दर तासाला पाणी द्या. आणि लघवी आली की दाबून ठेवायची नाही, लगेच जायचं."

संडास खाटेपासून चार पावलांवर होता. दाराला आतून कडीसुद्धा होती. मी ग्लास भरला आणि तिच्या तोंडापाशी नेला. तिचे ओठ तापानं फुटले होते. तिनं पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अम्मी," तिनं विचारलं, "पिऊ का?"